पिकअप बदलला आणि शिट्टी आली

तारा आणि वायर : साप्ताहिक सदर

"काका, मला डुप्लिकेट माल दिला," असं म्हणतच सावेडीतला एक पोरगा मागच्या रविवारी दारात आला. पाठीवर गिटार, चेहरा पडलेला. चर्चच्या गायनवृंदात तो वाजवतो. आमच्या नगरच्या (कागदोपत्री आता अहिल्यानगरच्या) चर्चमधलं गाणं तसं जुनं. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ साली आलं, आणि ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली. आता तिथे गिटारही असते. तर या पोराने ब्रिजजवळचा सिंगल कॉइल पिकअप काढून त्याच मापाचा, चांगला कडक आउटपुटचा, दोन कॉइलचा हंबकर बसवून घेतला. घरी झकास वाजला. सरावाच्या दिवशी अँपचा आवाज जरा चढवला, तर गिटार अशी किंचाळली की पुढच्या बाकावरच्या आजींनी पदराने कान झाकले.

कोणाकडून बसवून घेतला, ते मी विचारलं नाही. नव्या सुनेचं माप ओलांडून झालं आणि त्याच दिवशी दूध नासलं, तर सगळ्यांच्या नजरा कुणाकडे वळतात ते आपल्याला ठाऊक आहे. पिकअपचंही तेच होतं. खरं तर ही शिट्टी एकट्या कुणाची नसते. पिकअपने तारेचं कंपन उचललं, अँपने मोठं केलं, स्पीकरने हवेत सोडलं, हवेने तार आणि लाकूड पुन्हा हलवलं, ते पुन्हा पिकअपने उचललं. एका फेरीत जेवढं गेलं त्याहून जास्त परत आलं की आवाज वाढतच जातो. मंडपातला माईक शिट्टी मारतो तो याच हिशोबाने. जुना पिकअप अशक्त होता, म्हणून फेरी कशीबशी उंबरठ्याच्या आत राहत होती. नव्याने तो ओलांडला. म्हणजे अनेकदा बिघाड काहीच नसतो. अँपचा गेन कमी करायचा आणि स्पीकरकडे तोंड करून उभं राहायचं नाही, एवढंच. पण खिशातून पैसे गेलेल्या माणसाला "गेन कमी कर" हे सांगून बघा!

आणि गंमत अशी, की ही शिट्टी मुद्दाम काढणारा एक माणूस आमच्या अरणगावला येऊन गेला आहे. 'द हू' या इंग्लिश बँडचा पीट टाउनशेंड. १९६५ मध्ये त्यांचं 'एनीवे, एनीहाऊ, एनीव्हेअर' आलं. त्यात त्याने गिटारची किंचाळी राजरोस वाजवली. अमेरिकेतल्या रेकॉर्डवाल्यांना टेपच खराब आहे असं वाटलं, असा किस्सा सांगतात. तेव्हा त्याच्या हातात रिकेनबॅकर असायची, आतून अर्धवट पोकळ, त्यामुळे घुमायला उतावीळ. मागे मार्शलचे मोठमोठे स्पीकर. पुढे तोच माणूस मेहेरबाबांचा भक्त झाला. १९७१ च्या 'बाबा ओ'रायली' या गाण्याच्या नावातले बाबा ते हेच. बाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. अरणगावजवळ मेहेराबादच्या टेकडीवर त्यांची समाधी आहे. दर अमरतिथीला, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीला, हजारो लोक तिथे एकत्र मौन पाळतात. कानठळ्या बसवणाऱ्याला गुरू भेटला तो मौनी, आणि तोही आमच्या दौंड रस्त्यावर! सदर लिहिणाऱ्याला असा योग वारंवार मिळत नाही, म्हणून हा फाटा.

पोराकडे परत येतो. गिटार उघडण्याआधी कान उघडावेत, असा माझा हट्ट असतो. तळव्याने सगळ्या तारा दाबून धर म्हटलं. दाबल्यावर आवाज थांबला तर तारा घुमताहेत, म्हणजे वर सांगितलेली साधी फेरी. इथे तारा दाबूनही "कींऽऽ" चालूच. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला, थांबलं. म्हणजे अँप आणि पेडल सुटले, भानगड गिटारच्या पोटात. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने पिकअपवर हलकं टकटक केलं. स्पीकरमधून दारावर कुणी थाप मारावी तसा आवाज आला. पिकअपचा माईक झाला होता.

पिकअपमध्ये केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. ते सैल राहिले तर मोठ्या आवाजात स्वतःच थरथरतात, आणि लोहचुंबकाजवळ थरथरणारी तार म्हणजे वीज. म्हणून बनवतानाच पिकअप मेणात बुडवून काढतात, पॅराफिनमध्ये थोडं मधमाशीचं मेण घालून. घरी करायचं तर गरम पाण्याच्या भांड्यात मेणाचं भांडं ठेवून, साधारण ६५ अंशांवर, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. थेट गॅसवर मेण ठेवू नका, ते पेट घेतं. फार तापलं तर आतली प्लॅस्टिकची रिळंही वाकडी होतात.

पण मेणाआधी मी चार स्क्रू काढले आणि हसू आलं. पिकअप एकाच स्क्रूवर लोंबकळत होता. दुसऱ्या बाजूची स्प्रिंग बसवणाऱ्याच्या टेबलावरच राहिली असावी. सायकलच्या वॉल्व्हची रबरी नळी कापून दोन्ही स्क्रूंवर चढवली. स्प्रिंगपेक्षा मला ती जास्त आवडते, कारण ती स्वतः झणझणत नाही. पुन्हा टकटक केली, तर आवाज निम्म्याहून खाली. राहिलेल्यासाठी मेण, पुढच्या खेपेला.

शिट्टीसोबत एक "घूंऽ"सुद्धा होती. लोक दोन्हींना फीडबॅकच म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. घूं म्हणजे घरातल्या ५० हर्ट्‌झच्या विजेची सावली. वायरिंग नीट असेल तर ती फारशी वर येत नाही. हंबकरमधून चार रंगीत वायरी आणि एक उघडी वायर येते. दोन रंगीत एकमेकींना जोडून टेप लावायचा, एक रंगीत आणि ती उघडी दोन्ही व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर. याच्या गिटारमध्ये ती उघडी वायर हवेतच होती. रंगांचा अर्थ मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा. त्यात चूक झाली तर दोन कॉइल एकमेकांना खोडतात आणि आवाज नाकातून बोलल्यासारखा पातळ येतो. मग मल्टीमीटर बीपवर ठेवून एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या नळीला लावलं. बीप नाही. ब्रिजखालून येणारी अर्थची वायर तुटलेली. राखाडी, खडबडीत ड्राय सोल्डर, बोट लावताच निघालं.

तारांना हात लावला की घूं कमी होते, हे वायरिंग सुलट असल्याचं लक्षण. हात लावल्यावर वाढली तर जॅकवरच्या वायरी उलट्या आहेत.

या पोराला आणखी कुणीतरी सल्ला दिला होता, अँपच्या प्लगची जाड पिन काढून टाक, घूं जाईल. कधीकधी जातेही! पण मग अँपमध्ये काही फुटलं, तर घरातली वीज थेट तारांवर येते, तारांवर तुझे हात असतात आणि ओठ माईकला टेकलेले. जाड पिन छाटणारा माणूस मला ब्लेडने सीट बेल्ट कापणाऱ्यासारखा वाटतो, आणि गणपतीच्या दिवसांत असे महाभाग जिल्हाभर भेटतात.

त्याच्या प्लगला पिन होती, सुदैवाने. बोर्डाचं मात्र काही सांगता येत नाही. येत्या रविवारी मेणासाठी येशील तेव्हा चर्चमधला एक्स्टेन्शन बोर्डही घेऊन ये, म्हटलंय. भोकं तीन आणि मागे वायरी दोनच, अशी मला दाट शंका आहे.

— सोल्डरवाला