शेवाळाच्या शेतीत उतरताय? आधी विजेचा हिशेब मांडा



'स्पिरुलिना शेती, कमी जागेत भरघोस कमाई' असले व्हिडिओ आता आपल्या नरसीतल्या मोबाईलवरही फिरायला लागलेत. टाकीत शेवाळ वाढवणं शिकता येतं. खरी मेख पुढे आहे. ते पाण्यातून काढायचं आणि वाळवायचं कसं?

साधा हिशेब बघा. टाकीतल्या लिटरभर पाण्यात कोरडं शेवाळ भरतं साधारण अर्धा ग्रॅम. म्हणजे एका किलोसाठी 2,000 लिटर पाणी वेगळं करायचं. तेवढं सगळं सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवत बसलात तर कमाई बिलातच जाणार. त्यात आपल्याकडच्या लाईटचा काय भरवसा!

स्पिरुलिनाला हे यंत्र लागतच नाही. त्याचे धागे लांब असतात, बारीक विणीच्या कापडात अडकतात. पाणी आपल्या वजनाने खाली गळतं, तेच परत टाकीत सोडता येतं. आफ्रिकेत चाड सरोवराच्या भागातल्या कानेम्बू बायका पिढ्यान् पिढ्या असंच शेवाळ गाळून उन्हात वाळवत आल्यात. (क्लोरेलाचं तसं नाही. ते इतकं बारीक की कापडातून निसटतं. ते आधी तळाशी बसवून वरचं पाणी काढावं, मग उरलेलंच यंत्रात घालावं.)

आता वाळवण. गाळून दाबलेल्या गोळ्यातही दर किलो कोरड्या मालामागे चारेक लिटर पाणी उरतं. ते विजेवर उडवायचं तर लिटरला किमान 0.7 युनिट. म्हणून गोळा घट्ट दाबायचा, शेवयांसारखा पातळ पाडायचा आणि सोलर ड्रायरमध्ये ठेवायचा. हळद आपण दिवसेंदिवस उन्हात ठेवतो, याला ती सवलत नाही. त्याच दिवशी वाळलं नाही तर वास मारतं. पावसाळ्यात काम थांबवायचीही तयारी हवी.

आणि हो, कयाधूतला हिरवा थर म्हणजे स्पिरुलिना नव्हे. काही शेवाळं विषारी असतात, तो प्रयोग कुणी करू नका.

माझं म्हणणं एवढंच. बचत गटाच्या बायांना यंत्रासाठी कर्ज काढायला लावण्याआधी कापड, दाबपट्टी आणि सोलर ड्रायरचं प्रशिक्षण द्या. आणि यंत्र विकायला कुणी आलाच, तर त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या: एका किलोला किती युनिट?

पटलं तर गटाच्या ग्रुपवर टाका.