भूक लागली की खाईल?



सल्ला देणे हा आम्हा कार्यकर्त्यांचा जुना आजार आहे. रेशनकार्डापासून कॉलेजच्या प्रवेशापर्यंत कुणी काहीही विचारो, आमचे उत्तर तयार असते. बऱ्याचदा ते उपयोगीही पडते. पण मागच्या पावसाळ्यात अशाच एका सल्ल्यामुळे एका मुक्या जिवाच्या प्राणावर बेतले. तो सल्ला माझाच होता, हे प्रांजळपणे कबूल करतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक कुटुंब राहते. मुलगी सातवीत शिकते. तिच्या मामाने तिला पांढरा ससा आणून दिला. नाव ठेवले कापूस. घरात त्याचे लाड सुरू झाले. सकाळी बिस्कीट, दुपारी गाजर, संध्याकाळी पोळीचा तुकडा आणि रात्री दुकानातून आणलेल्या सशाच्या गोळ्यांची भरलेली वाटी. वाळके गवतही आणले होते, पण कापूस त्यावर फक्त बसायचा. एके दिवशी मुलीची आई मला म्हणाली, "भाऊ, गवत पुढे केले की हा हुंगतो आणि पाठ फिरवतो. काय करावे?"

मी म्हणालो, "वहिनी, बाकी सगळे बंद करा. भूक लागली की खाईल मुकाट्याने."

माझे लहानपण खेड्यात गेले. कडब्याला तोंड न लावणारा बैल दुसऱ्या दिवशी निमूट खाताना मी पाहिला होता. तोच हिशेब मी सशाला लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर मुलगी जिन्यात उभी. "काका, कापूस कोपऱ्यात अंग चोरून बसलाय. हलत नाही. सकाळपासून लेंडीसुद्धा टाकली नाही." तसेच रिक्षा करून आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेले.

डॉक्टरांनी पोट चाचपले, दुखणे थांबवण्याचे इंजेक्शन दिले, सलाईन दिले, पिचकारीने पातळ खाणे भरवले. मग मला समोर बसवून सांगितले, "साहेब, सशाला उपाशी ठेवायचे नसते. त्याचे आतडे सतत चालत राहावे लागते. पोट रिकामे राहिले की ते मंदावते, आत वायू धरतो, पोट दुखते, म्हणून तो आणखी खात नाही. यकृतावरही परिणाम होतो. त्याला उलटी होत नाही, म्हणजे तीही वाट बंद. बारा तास खाणे नाही, लेंडी नाही, असे दिसले तर सकाळची वाट न पाहता घेऊन यायचे."

मी मान खाली घालून ऐकत होतो. मग त्यांनी सशाच्या तोंडात दिवा धरून दाढा पाहिल्या. सशाला एकूण २८ दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. गवत चावताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. गाजर कडक असले तरी त्याचे नुसते तुकडे होतात, तसे दळणे होत नाही. दाढ वाढून तिला टोक आले की ते जिभेला किंवा गालाला टोचते. मग सशाला खावेसे वाटते, तो घास उचलतोही, पण तोंडातून टाकून देतो. हनुवटी लाळेने ओली राहते. त्याला आपण नखरा म्हणतो, आणि ते असते दुखणे. म्हणून कोणताही उपाय करण्याआधी दात तपासून घ्यावेत.

कापसाचे दात ठीक होते. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गवत आणलेय का? दाखवा." आम्ही पिशवी पुढे केली. त्यांनी वास घेतला आणि ती माझ्या नाकाशी धरली. कुबट वास! पावसाळ्यात गवत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मोरीशेजारी ठेवलेले, त्याला आतून बुरशी धरली होती. ससा हुंगून पाठ फिरवत होता ते याचसाठी. आमच्यात शहाणा तोच निघाला.

त्यानंतर घरात जे बदल केले ते इथे सांगतो. कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट गवताची. दाणे भरण्याआधी कापून, हिरवटपणा राहील असे वाळवलेले गवत हवे. भाताचा पेंढा म्हणजे दाणे काढून उरलेली काडी. तो अंथरायला चालतो, त्याने जेवण होत नाही. बाजारात मिळणारे टिमोथी गवत चांगले असते, पण महाग पडते. आपल्याकडचे मारवेल किंवा हरळी स्वच्छ जागेची, औषध न फवारलेली मिळाली तर सावलीत वाळवून द्यावी. लसूणघास सहा-सात महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ठीक. मोठ्या सशाला त्यातला चुना आणि प्रथिने जास्त होतात. गवत कापडी पिशवीत, जमिनीपासून उंच टांगून ठेवावे. वास शेतासारखा यावा. धूळ उडाली किंवा कुबट वास आला तर जिवावर येऊन का होईना, फेकून द्यावे.

दुसरी गोष्ट गोडाची. बिस्कीट आणि पोळी कायमची बंद. गाजराचा अंगठ्याएवढा तुकडा, तोही आठवड्यातून एक-दोनदा. गोळ्या मात्र एकदम तोडल्या नाहीत. कापसाचे वजन दोन किलो. किलोमागे दिवसाला २०-२५ ग्रॅम गोळ्या पुरे, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम. तो खात होता दुप्पट. दर चार-पाच दिवसांनी थोड्या थोड्या कमी करीत चार आठवड्यांत तिथवर आलो. लेंड्या कमी दिसल्या की तिथेच थांबायचे आणि डॉक्टरांना विचारायचे.

तिसरी गोष्ट युक्तीची. ससा शी करता करता चरतो, म्हणून त्याच्या शीच्या ट्रेला लागूनच गवत ठेवले. एकदाच ढीग न टाकता दिवसातून तीनदा ताजे गवत मूठ-मूठ दिले. ओल्या गवतात वाळके मिसळले आणि रोज वाळक्याचा वाटा वाढवला. कोथिंबिरीची चार पाने बारीक चुरून गवतात लपवली. मुलीने पुठ्ठ्याच्या नळीत गवत कोंबून त्यात दोन गोळ्या दडवल्या. गोळी शोधता शोधता त्याच्या तोंडात काडी जाऊ लागली. गूळपाणी शिंपडा असे कुणी सुचवले तर ऐकू नका. गोडाची सवय मोडायची आणि गूळ लावायचा, हे कसे जमावे?

मी कारकून माणूस, म्हणून मुलीला एक वही आखून दिली. तारीख, वजन, गोळ्यांचे ग्रॅम, गवत किती उरले, लेंड्या कशा. लेंडी गोल, कोरडी, फोडली तर आत गवताचा भुसा दिसणारी हवी. ससा आपली मऊ विष्ठा पुन्हा खातो, त्याला किळसू नये. त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. ती न खाता अंगाला चिकटू लागली तर बहुधा गोड जास्त झाले असे समजावे.

पहिले आठ दिवस वहीत 'गवत : नाही' असेच लिहिलेले आहे. नवव्या दिवशी 'तीन काड्या'. सहाव्या आठवड्यात त्याच्या अंगाएवढा भारा दिवसभरात संपू लागला. वजन पन्नास ग्रॅमने उतरले, पण उड्या वाढल्या.

परवा त्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यामुळे शिकला हो तो." मी म्हणालो, "नाही वहिनी, माझ्यामुळे तर तो मरणार होता." उपाशी ठेवून कुणी शहाणे होत नाही, हे खरे तर मला आधीच माहीत असायला हवे होते. समोरचा खात नसेल तर आधी त्याच्या ताटात आपण काय वाढलेय ते पाहावे. तुमच्या घरी ससा असेल तर आज रात्री त्याच्या गवताचा एकदा वास घेऊन पाहा.