घरगुती यंत्रशाळा : शहाणी शेगडी

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, अर्थात् चंपाषष्ठी, जवळ आली कीं चातुर्मासापासून वर्ज्य असलेलें वांगें कित्येक घरांत पुनः दिसूं लागतें, आणि खंडोबाच्या नैवेद्यासाठीं भरीत व रोडगे करावयाचे तर विस्तव कसा करावा, हा प्रश्न परभणी, सेलू, जिंतूर यांसारख्या गांवांतील अनेक कुटुंबांपुढें उभा राहतो. गॅसच्या ज्योतीवर वांगें बाहेरून करपतें व देठापाशीं कच्चें राहतें. विजेच्या भट्टींत रोडगा भाजतो, पण त्यास धुराचा वास नाहीं. गोवऱ्यांचा आर उत्तम खरा. परंतु वीस-पंचवीस पानांचा स्वयंपाक असला म्हणजे घरांतील कोणीतरी, आणि ती बहुधा सासू किंवा सूनच असते, दोन-तीन तास धुरांत डोळे चोळीत बसते. यावर एक उपाय म्हणून पेलेटच्या शेगडीचा, आणि विशेषतः तिच्या घरीं करतां येण्यासारख्या नियंत्रकाचा, विचार आम्ही या महिन्यांत करणार आहों.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा किंवा शेतांतील काडीकचरा मोठ्या दाबाखालीं दाबून केलेल्या, 6 ते 8 मिलिमीटर जाडीच्या कांड्या. शेगडीच्या एका बाजूस त्यांची पेटी असते. पेटीच्या तळाशीं मळसूत्री दांडा फिरतो आणि कांड्या थोड्याथोड्या पुढें ढकलून अग्निपात्रांत टाकतो. लहान पंखा वारा घालतो, विजेनें तापणारी सळई प्रारंभीं कांड्या पेटविते, आणि वरच्या जाळीवर पदार्थ भाजतो. ही कल्पना अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांतल्या ट्रेगर कुटुंबाची; तिचें पेटंट 1986 सालचें आहे.

महाराष्ट्रास या कांड्या अगदींच नव्या नाहींत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्यानें बीपी कंपनीनें ‘ऊर्जा’ नांवाची चूल 2006 च्या सुमारास बाजारांत आणली. 2009 सालीं तो व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे आला. त्या चुलीस बॅटरीवर चालणारा लहानसा पंखा होता. चूल चांगली होती. परंतु कांड्यांचा भाव चढला, तेव्हां अनेक गृहिणींनीं ती बाजूस ठेवली, आणि कंपनीनेंहि आपलें लक्ष उपाहारगृहांकडे वळविलें. यंत्राच्या आधीं सरपणाची सोय पाहावी, हा त्यांतील धडा विसरूं नये.

आतां नियंत्रकाकडे वळूं. अगदीं साधा नियंत्रक आंच कमी झाली कीं दांडा फिरवितो आणि पुरी झाली कीं थांबवितो. पण पात्रांत पडलेली कांडी पेट घेऊन आंच द्यावयास कांहीं वेळ लागतो. तोंवर यंत्र आणखी कांड्या टाकीतच राहतें. मग 200 अंश हवे असतां आंच 230 वर जाते आणि रोडगा करपतो.

चुलीपुढें आयुष्य घालविलेली आजी असें करीत नाहीं. ती तीन गोष्टी पाहते: आंच आतां किती उणी आहे, किती वेळ ती उणीच राहिली आहे, आणि ती चढते आहे कीं उतरते आहे व किती वेगानें. ज्वाळा झपाट्यानें उठूं लागली कीं तवा पुरता तापण्याआधींच ती लाकूड मागें ओढते. निकोलस मिनॉर्स्की यानें 1922 सालीं जहाजाचें सुकाणू आपोआप कसें चालेल याचें गणित मांडलें, तेव्हां त्याच्यापुढें अनुभवी सुकाणूवाल्याचा हात हाच नमुना होता. त्याच्या सूत्रांतहि हेच तीन भाग आहेत: आतांची उणीव, साठत गेलेली उणीव आणि बदलाचा वेग. आज त्यास ‘पीआयडी’ म्हणतात. म्हणून घरांतील मुलामुलींनीं संगणक उघडण्यापूर्वीं तासभर आजीजवळ बसावें, आणि ती लाकूड केव्हां पुढें सारते व केव्हां मागें घेते, हें वहींत टिपून घ्यावें.

साहित्य फार लागत नाहीं. विचार करण्याचें काम ‘ईएसपी-32’ नांवाचें छोटें बोर्ड करतें. तें कांहीं शें रुपयांत मिळतें. उष्णता मोजण्यास ‘पीटी-100’ हा प्लॅटिनमचा मापक घ्यावा. प्लॅटिनम तापतें तसा त्याचा विद्युत्-रोध ठराविक प्रमाणांत वाढतो: 0 अंशावर 100 ओहम, 100 अंशांवर 138.5, आणि 200 अंशांवर सुमारें 176. हा फरक वाचून बोर्डास कळविण्याचें काम ‘मॅक्स-31865’ ही चिप करते. दांडा, पंखा व पेटविण्याची सळई यांस तीन निरनिराळे रिले जोडावे. 20 सेकंदांची एक फेरी धरावी, आणि त्यांपैकीं किती सेकंद दांडा फिरावा एवढेंच सूत्रानें ठरवावें. प्रथम सूत्राचा पहिलाच भाग चालू ठेवून दर मिनिटाचें तापमान कागदावर मांडावें. आंच सारखी उणीच राहते असें दिसलें तर दुसरा भाग थोडा मिळवावा. ती हेलकावे खाऊं लागली तर तिसरा. पौषांतील पहांट आणि वैशाखांतील दुपार यांत परभणीस तीस अंशांहून अधिक अंतर पडतें. तेव्हां एका ऋतूंत बसविलेले आंकडे दुसऱ्या ऋतूंत पुनः तपासावे.

बोर्ड 3.3 व्होल्टवर चालतें व घरची वीज 230 व्होल्टची असते. या दोहोंच्या तारा एकमेकींपासून दूर ठेवाव्या. 230 व्होल्टच्या जोडण्या, शेगडीच्या धातूच्या अंगाचें अर्थिंग आणि 30 मिलिअँपियरचें आरसीसीबी, एवढें काम जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावें. येथें हौसेला जागा नाहीं.

मोबाइलवर तापमान दिसूं लागलें म्हणजे यंत्र शहाणें झालें, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें, कोठें थांबावें हें ज्यास कळतें तेंच यंत्र शहाणें. समजा, मध्येंच विस्तव विझला. आंच उतरली म्हणून अडाणी नियंत्रक कांड्यांचा ढीग घालीत राहील, आणि तो ढीग एकदम पेटला तर भडका उडेल. यास्तव दांडा फिरत असूनहि कांहीं मिनिटें आंच उतरतच राहिली, तर कांड्या घालणें बंद व्हावें आणि घंटा वाजावी. मापकाची तार तुटली किंवा अशक्य आंकडा आला, तरीहि तोच नियम. शिवाय आंच हाताबाहेर गेल्यास दांड्याची वीज तोडणारा एक साधा उष्णता-खटका बोर्डावर अवलंबून न ठेवतां स्वतंत्र बसवावा. कारण बोर्डहि बिघडूं शकतें.

आपल्याकडे खरा कस लागतो तो वीज जाते तेव्हां. पंखा थांबतो, पण निखारा थांबत नाहीं. तो धुमसत दांड्याच्या नळींतून पेटीकडे मागें सरकूं शकतो. म्हणून पंखा व बोर्ड 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतील अशी सोय असावी: वीज गेली कीं दांडा बंद, आणि पात्रांतील कांड्या जळून संपेपर्यंत पंखा चालू. वीज परत आली तरी यंत्रानें आपणहून पेटूं नये. माणसानें पात्र पाहून, राख काढून, मगच कळ दाबावी. शेगडी अंगणांत किंवा गच्चीवर असावी; माजघरांत कदापि नको. कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं व वासहि नाहीं, आणि बंद खोलींत तो प्राण घेतो.

सरपणाविषयीं दोन शब्द. कापूस, तूर व सोयाबीन यांच्या या जिल्ह्यांत पळाट्या, तुराट्या व भुसा यांस तोटा नाहीं. परंतु शेतकचऱ्याच्या कांड्यांची राख लाकडाच्या कांड्यांपेक्षां पुष्कळ अधिक होते, आणि तिचे खडे पात्राचीं छिद्रें बुजवितात. पात्र दर वेळीं झाडून घ्यावें. कपाशीवर औषधें फवारलेलीं असतात, आणि या शेगडींत धूर थेट अन्नास लागतो. तेव्हां भाजण्यासाठीं पळाट्यांच्या कांड्या वापरूं नयेत. प्लायवुडाचा किंवा रंगविलेल्या लाकडाचा भुसा तर मुळींच नको. बाभळीसारख्या स्वच्छ लाकडाच्या भुशाच्या कांड्या मिळाल्या तर त्या उत्तम.

हुरडा मात्र शेतांतल्या आगटींतच भाजावा. त्यास कोणतेंहि यंत्र नको. पण घरच्या भरीत-रोडग्यापुरती ही शेगडी उपयोगी आहे. तिची कळ, तिची घंटा व ती थांबविण्याची रीत घरांतील प्रत्येक स्त्रीस ठाऊक असावी. ती केवळ मुलांची किंवा पुरुषांची हौस होऊन बसूं नये. आणि विस्तव राखण्याचें काम यंत्राकडे गेल्यावर जो वेळ वांचेल, तो घरांतील सुनेच्या वांट्यास यावा, आणखी एका पक्वान्नाच्या नव्हे. चंपाषष्ठीच्या दिवशीं ती पहिल्या पंगतीस बसली, तर एवढा खटाटोप कारणीं लागला असें आम्ही समजूं.