एकाच वेताचीं दोन पिल्लें

कोल्हापुराकडे शेतावर वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्यास कुत्रा ही चैनीची वस्तु नव्हे. राधानगरी, भुदरगड, आजरा या तालुक्यांत गवे व रानडुकरें पिकांत शिरतात, तेव्हां रात्रीं प्रथम जाग येते ती कुत्र्यास. म्हणून कोणी गांवठी पिल्लें आणतो, तर कोणी मुधोळचीं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं जोपासलेल्या या शिकारी जातीस सन २००५ मध्यें टपाल तिकिटावरहि स्थान मिळालें. पिल्लें आणतांना पुष्कळ जण एकाच वेताचीं दोन आणतात. एकास दुसऱ्याची सोबत होईल व राखणहि दुप्पट होईल, असा त्यांचा हिशेब असतो. आमच्या मतें हा हिशेब अपुरा आहे.

पिल्लाचे डोळे सुमारें दोन आठवड्यांनीं उघडतात. तिसऱ्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत तें आपलें कोण व परकें कोण हें शिकतें. स्कॉट व फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं सन १९६५ च्या आपल्या ग्रंथांत हेंच मांडलें. आमच्या धनगरांस तें अनुभवानें ठाऊक आहे. कळपांत वाढलेलें पिल्लूं मेंढरांस आपलें मानतें. याच न्यायानें, अहोरात्र भावंडासच बिलगून वाढलेलें पिल्लूं भावंडास ओळखतें आणि धनी त्यास तिऱ्हाईत राहतो. हांक मारली तर तें आधीं जोडीदाराकडे पाहतें. एकास दूर नेलें कीं दुसरें आकांत करतें. सर्वच जोड्यांचें असें होतें असें नाहीं, परंतु धोका खरा आहे.

नवें खोंड औतास लावतांना आपण तें शिकलेल्या बैलाच्या जोडीस जुंपतों; दोन अडाणी खोंडें एका जुवाखालीं देत नाहीं. मग पिल्लांच्या बाबतींत हा विचार कां सोडावा?

दोन पिल्लें आणलींच असतील तर त्यांच्या निजण्याच्या जागा व खाण्याचीं भांडीं निराळीं ठेवावीं. रोज एकेकास स्वतंत्र शिवारांत फिरवावें. धडा पांच मिनिटांचा, पण दिवसांतून दोनतीन वेळां द्यावा. नांव घेऊन हांक मारावी, आणि पिल्लूं येतांच तत्क्षणीं भाकरीचा तुकडा देऊन पाठीवरून हात फिरवावा. तुकड्यास विलंब झाला तर तो कशाबद्दल मिळाला हें त्यास उमगत नाहीं. एकएकटीं नीट येऊं लागलीं म्हणजे मग दोघांस एकत्र शिकवावें.

छडीवांचून कुत्रें वळत नाहीं, असें कित्येक म्हणतात. उशिरां आलेल्या पिल्लास मारलें तर धन्याजवळ गेल्यास मार बसतो, एवढेंच तें शिकतें. सकाळीं मारलेल्या कोंबडीबद्दल सायंकाळीं दिलेला मार तर सर्वस्वीं व्यर्थ होय. भ्यालेलें कुत्रें पुढें चावतें, आणि तें बहुधा घरांतील पोरासच. सन १९६० च्या कायद्यान्वयें जनावरास निर्दयपणें मारणें हा गुन्हाहि आहे. मायेनें शिकविणें म्हणजे लाड नव्हेत. अंगावर उड्या मारणाऱ्या पिल्लास तुकडा देऊं नये, आणि कोंबड्यांची संवय होईपर्यंत त्यास दोरीवर ठेवावें. तिसऱ्या महिन्यांत पिसाळरोगाची लस टोंचून घ्यावी व पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें ती चालू ठेवावी. कोणास कुत्रें चावलेंच तर जखम साबण व पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून तत्काळ दवाखाना गांठावा.

सुगीच्या दिवसांत दोघांस निरनिराळा वेळ देणें ज्यास शक्य नाहीं, त्यानें एकच पिल्लूं आणावें. तें तयार झालें कीं दुसरें आणावें. मग तेंच त्याचा जुना बैल होईल.