बीपी ‘नॉर्मल’ आला आणि गोळी बंद झाली

रात्री अडीचच्या सुमारास सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात एक रुग्ण येतो. वय पन्नाशीच्या थोडं पुढे. तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, उजवा हात आणि पाय लुळा, बोलणं अडखळत. सोबत बायको आणि दोन मुलगे. रक्तदाब २१०/१२०. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसतो. ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो, “मावशी, यांना बीपीचा त्रास होता का?”

“होता, पण गेला. मागं तपासला तेव्हा नॉर्मल आला. मग कशाला उगाच रोज गोळी खायची, म्हणून बंद केली.”

“कधी बंद केली?”

“दिवाळीच्या आसपास.”

नावगाव बदलून हाच संवाद जिल्हा रुग्णालयांच्या मेडिसिन वॉर्डात वर्षभर चालू असतो. त्यातली बाई खोटं बोलत नसते आणि निष्काळजीही नसते. तिला ‘नॉर्मल’ हा शब्द डॉक्टरांकडूनच मिळालेला असतो. नॉर्मल म्हणजे बरा झाला, हा तिने काढलेला अर्थ भाषेच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. ताप नॉर्मल आला की आपण तापाची गोळी थांबवतोच की! चुकतं ते पुढे. रक्तदाब गोळी चालू असताना नॉर्मल येतो, तेव्हा तो आकडा आजाराचा नसून गोळीचा असतो. चष्मा लावल्यावर नीट दिसायला लागलं म्हणून कोणी चष्मा ओढ्यात फेकून देत नाही. गोळीच्या बाबतीत मात्र नेमकं हेच होतं, कारण चष्मा काढला की लगेच अंधूक दिसतं, गोळी सोडली की काहीच होत नाही. अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी अंगातून हळूहळू उतरते. पहिले काही दिवस आकडाही फारसा हलत नाही. नंतर तो चढतो, पण दुखत नाही, खुपत नाही. माणसाला वाटतं, बघा, गोळीवाचूनही चाललंय.

‘डोकं जड झालं की मी गोळी घेतो’ असं अभिमानाने सांगणारे अनेक जण असतात. बीपी वाढलं की डोकं दुखतं ही समजूत इतकी पक्की आहे की डोकं न दुखणं हाच पुरावा मानला जातो. प्रत्यक्षात १८० च्या वर रक्तदाब असलेली माणसं शेतात, फडात, कारखान्यात बिनतक्रार काम करत असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के जणांना उच्च रक्तदाब आढळला किंवा ते त्यासाठी गोळी घेत होते. म्हणजे चार-पाच माणसांत एक. चाळिशी ते सत्तरीच्या वयात वरचा आकडा २० ने वाढला की पक्षाघात आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. हे लाखो माणसांच्या नोंदींवरून २००२ साली दाखवलं गेलं आहे.

गोळी सुटण्याची कारणं वेगवेगळी असतात. पायाला सूज येते, हे एक खरं कारण. अ‍ॅम्लोडिपिनने काहींना घोट्याशी सूज येते. ती किडनीची सूज आहे असं समजून माणूस घाबरतो आणि गोळी सोडतो. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलता येते. दुसरं कारण म्हणजे ‘सवय लागते’. गोळीची सवय लागत नाही. आजार जात नाही म्हणून गोळी लागते, हा फरक कोणीतरी बसून सांगायला हवा. तिसरं म्हणजे ‘ही केमिकलं नकोत, आपली जडीबुटी बरी’. असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असायला हरकत नाही. रक्तदाबावरच्या आधुनिक औषधांची सुरुवात ज्या थोड्या औषधांनी झाली, त्यातलं एक आपल्या सर्पगंधाच्या मुळीतूनच आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्या मुळीचा रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अनुभव मोजमापासह मांडला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पुढे त्या मुळीतल्या द्रव्याने काही रुग्णांना खोल नैराश्य येतं असं दिसलं. त्याहून निर्धोक गोळ्या आल्या आणि ते मागे पडलं. औषध मुळीतून आलं की कारखान्यातून, यापेक्षा ते मोजून तपासलं गेलं का, हे महत्त्वाचं.

आता ‘जीवनशैली’. दवाखान्याच्या भिंतीवर, भाषणात, वर्तमानपत्रात हा शब्द इतका वापरला जातो की त्याची कल्हई उडाली आहे. उसाच्या फडात राबणाऱ्या जोडप्याची, रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाची किंवा एका खोलीत सहा जणांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईची ‘शैली’ ती काय असणार? या शब्दात आजाराचा सगळा दोष हळूच रुग्णाच्या माथी मारला जातो. केसपेपरवर ‘मीठ कमी, वजन कमी, चालणे’ एवढं लिहून दिलं की डॉक्टरचं काम संपतं आणि आकडा उतरला नाही तर रुग्ण ऐकत नाही असं ठरतं. पण मीठ हा त्या रुग्णाचा एकट्याचा विषय कधीच नसतो. मीठ पातेल्यात पडतं आणि पातेलं घराचं असतं.

इथे आपलं आणि युरोप-अमेरिकेचं गणित वेगळं आहे. तिकडचं बहुतेक मीठ कारखान्यातून, पाव, चीज, डबाबंद पदार्थांतून पोटात जातं. म्हणून ब्रिटनमध्ये पावातलं मीठ टप्प्याटप्प्याने उतरवलं गेलं, तेव्हा गिऱ्हाइकांच्या जिभेला कळलंही नाही. आपल्याकडे फरसाण, वेफर्स, खारी वाढत चालले असले तरी मोठा वाटा अजून घरच्या चमच्याचा आहे. म्हणजे मीठ कमी करण्याची किल्ली कारखानदाराकडे कमी आणि स्वयंपाकघरात जास्त. ही अडचण आहे आणि सोयही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ पुरे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही सगळ्या दिवसाचा, आमटी, भाजी, ताक, लोणचं सगळं धरून. हे ऐकून कोणालाच काही उमगत नाही, कारण ताटातलं मीठ चमच्याने मोजता येत नाही. त्यापेक्षा पाकीट मोजावं. चार मोठ्या माणसांच्या घरात पाच ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला ६०० ग्रॅम मीठ लागायला हवं. किलोचं पाकीट महिन्यात संपत असेल तर माणशी रोजचं आठ ग्रॅमच्या वर गेलं. त्यात बाहेरचा वडापाव, फरसाण आणि तयार पापड धरलेलाच नाही. भांडी घासायला किंवा लोणच्याला वेगळं मीठ वापरलं असेल तर तेवढं वजा करावं. पाकीट फोडलं त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहावी, बस्स. महिन्याचं पाकीट दीड महिना पुरायला लागलं, की त्या घरात काहीतरी बदललं असं समजायला हरकत नाही.

एक चूक घरोघरी होते. घरातल्या बाईला वेगळं पातेलं चढवायला सांगितलं जातं. ‘यांची अळणी भाजी बाजूला काढा.’ आठ दिवस हे चालतं. मग यांना अळणी गिळवत नाही, तिला दोनदा फोडणी घालायचा कंटाळा येतो आणि गाडी मूळ पदावर येते. खरं तर सगळ्यांच्याच भाजीत थोडं थोडं कमी करत जावं. चार-सहा आठवड्यांत जीभ सरावते. मग शेजारच्या लग्नातली आमटी खारट लागू लागते. घरातल्या पोराटोरांनाही जन्मभराची सवय लागते, ते वेगळंच. चिंच, कोकम, लिंबू, जिरं, लसूण ही आपल्या स्वयंपाकाची जुनी साधनं मिठाची उणीव बरीच झाकतात. भाकरीत बहुतेक घरी मीठ नसतंच. तिच्या जोडीचा ठेचा, खर्डा आणि लोणच्याची फोड मात्र सगळी कसर भरून काढतात. पापडखारही सोडियमचाच क्षार आहे, हे फारसं कोणाच्या ध्यानात नसतं.

“मी साधं मीठ सोडलंय, सैंधवच खातो,” असं सांगणाऱ्यांची संख्या अलीकडे फार वाढली आहे. सैंधव म्हणजेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंगाने रक्तदाब उतरत नाही. उलट ते आयोडिनयुक्त नसेल तर नवी अडचण. ‘उन्हात राबणाऱ्याला मीठ लागतंच’ हे म्हणणं अर्धं खरं आहे. उन्हाची सवय झालेलं शरीर घामातून मीठ कमी सोडायला शिकतं. आपल्या जेवणातलं मीठ बहुतेकांना पुरून उरतं, पाणी मात्र कमी पडतं. लघवी वाढवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी मात्र उन्हाळ्यात डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं.

मीठ घरातच पडत असेल तर घरातलं मीठच बदललं तर? हा प्रयोग चीनच्या खेड्यांत झाला. ६०० गावं, सुमारे २१ हजार माणसं. सगळ्यांना आधी पक्षाघात होऊन गेलेला किंवा वय साठच्या पुढे आणि रक्तदाब जास्त. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ, निम्म्या गावांत तीन भाग सोडियम क्लोराइड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण. सुमारे पाच वर्षांनी, २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मिश्रण खाणाऱ्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी होतं. कोणाला व्याख्यान नाही, वेगळं पातेलं नाही. असं मीठ आपल्या बाजारातही मिळतं, पण साध्या मिठाच्या कितीतरी पट महाग. रेशनवर आयोडिनयुक्त मिठाचा विचार होऊ शकतो, तर याचा का नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मात्र किडनीचा आजार असलेल्यांनी, तसंच टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता हे मीठ घेऊ नये. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

मीठ नीट कमी केलं तर रक्तदाब असणाऱ्याचा वरचा आकडा साधारण पाचाने उतरतो. वजन एक किलो उतरलं तर सुमारे एक अंक. रोज अर्धा तास झपझप चालण्याने आणखी काही. दारू कमी केली की आणखी. ही बेरीज छोटी नाही. सुरुवातीच्या, हलक्या रक्तदाबात कधीकधी एवढ्यावर भागतं आणि काहींची गोळी डॉक्टर स्वतःहून कमीही करतात. पण १७० चा आकडा केवळ चालण्याने १३० वर आणू, असं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून दोन हात लांब राहिलेलं बरं. आणखी दोन गोष्टी केसपेपरवर क्वचितच विचारल्या जातात. सकाळची मिश्री ही तंबाखूच, त्यामुळे मिश्री लावून लगेच बीपी मोजलं तर ते वाढलेलंच दिसणार. आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रक्तदाब चढवतात आणि किडनीवरही ताण देतात. एका हाताने बीपीची गोळी आणि दुसऱ्या हाताने ही, असं कित्येक आज्यांचं चाललेलं असतं.

राहिला दवाखाना. बीपीची गोळी रुपया-दोन रुपयांची, सरकारी केंद्रात ती मोफत. तरी ती महाग पडते, कारण ती आणायला एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते. दर आठ-दहा दिवसांनी रांगेत उभं करणारी व्यवस्था माणसाला गोळी सोडायलाच शिकवते. २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे पहिले जिल्हे. त्याची सूत्रं साधी होती : सगळीकडे एकच ठरलेली औषधयोजना, एका वेळी महिन्याची गोळी, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि जो आला नाही त्याला फोन. हे जिथे नीट राबतं तिथे आशा ताई घरी येऊन विचारतात, “काका, या महिन्यात गोळी न्यायला का नाही आलात?” जिथे साठा संपलेला असतो, तिथे त्यांनाही विचारायची सोय राहत नाही.

आणि बीपी मोजणारे हात? जिना चढून, रांगेत भांडून, चहा पिऊन आलेल्या माणसाला उभ्याउभ्या पट्टा बांधला तर तो आकडा कामाचा नाही. पाच मिनिटं पाठ टेकवून बसू द्यावं, पाय जमिनीला टेकलेले, दंड हृदयाच्या उंचीवर, लघवी करून आलेला, बोलणं बंद. आकडा १२८/८० आला तर ‘नॉर्मल आहे’ एवढंच म्हणून कार्ड परत देऊ नये. ‘गोळी चांगली लागू पडतेय, अशीच चालू ठेवा, पुढच्या महिन्यात या’ हे सांगायला वीस सेकंद लागतात. बायको सोबत असेल तर तिच्याकडे बघून सांगावं.