तीन गावांचे तीन मास्तर

जपानी आणि स्पॅनिश साहित्याचा तौलनिक अभ्यास म्हटला की तो पुण्या-मुंबईचा, फार तर दिल्लीचा विषय, असे आपण धरून चालतो. विट्याच्या कॉलेजात मराठी शिकवताना माझे मत नेमके उलट झाले आहे. या अभ्यासाला सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी तालुक्यांइतकी योग्य जागा नाही, कारण आटपाडी तालुक्यात व्यंकटेश माडगूळकरांचे माडगूळ आहे.

माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, एका तरुण मास्तरची कादंबरी, १९५५ साली पुस्तकरूपात आली. मेक्सिकोच्या हुआन रुल्फो यांची ‘पेद्रो पारामो’ही त्याच वर्षीची. पण मी मुलांपुढे ठेवतो ती रुल्फोंची दोन वर्षे आधीच्या संग्रहातली ‘लुविना’ ही कथा. उजाड डोंगरावरचे गाव, सतत घोंघावणारा वारा, आणि तिथे उमेद घालवून परतलेला एक मास्तर, नव्याने तिकडे निघालेल्या माणसाशी बोलत बसलेला. कोबो आबे यांच्या १९६२ च्या ‘सुना नो ओन्ना’ या जपानी कादंबरीचा नायकही मास्तरच. किडे गोळा करायला तो समुद्रकाठी जातो आणि गावकरी त्याला वाळूच्या खड्ड्यातल्या घरात अडकवतात. रात्रभर वाळू उपसायची, तरच वरून पाणी मिळणार.

प्रश्न तिन्हीकडे एकच: गाव सोडायचे की नाही? दुष्काळ पडतो तेव्हा बनगरवाडीचे धनगर मेंढरे घेऊन निघतात, वाडी ओस पडते. लुविनाची माणसे मात्र हलत नाहीत. आमची मेलेली माणसे इथे आहेत, त्यांना टाकून कुठे जायचे, असे ती मास्तरलाच विचारतात. माझ्या वर्गातल्या कित्येकांचे वडील गलाईच्या धंद्यात, कुठल्या तरी परप्रांतातल्या सराफ गल्लीत सोने-चांदी गाळत असतात. ‘लुविना’ शिकवून झाल्यावर एका मुलीने विचारले, “सर, मग आमची आजी का हलत नाही?” त्या दिवशीचा पुढचा सगळा तास त्यावरच गेला.

आबेंच्या मास्तरने कावळा पकडायला वाळूत बादली पुरलेली असते. तिच्यात एक दिवस पाणी साचलेले दिसते. कोरडी वाळू खालची ओल वर ओढून घेते. पुढे पळून जायला शिडी मिळते, तरी तो थांबतो. हा शोध कुणाला तरी सांगायचा असतो. टीकाकारांना यात माणसाच्या स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान दिसते, आणि ते आहेच. पण टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी येण्याआधी ज्या घरांनी टँकरची वाट पाहिली, तिथल्या मुलाला आधी पाणी दिसते. हे वाचन टोकियोच्या किंवा मेक्सिकोच्या अभ्यासकाला सुचणे अवघड आहे, म्हणून ते आपण करायला हवे.

सातारा-सांगलीच्या कॉलेजांत पदवीला या तिन्ही साहित्यकृती एकत्र लावाव्यात, ही माझी मागणी आहे. अडचण भाषेची आहे. आजवर आम्ही इंग्रजी भाषांतरांवर भागवले. पुणे विद्यापीठात जपानी आणि स्पॅनिश दोन्ही शिकवतात. शिकलेली मुले कंपन्यांत जातात, त्यात गैर काही नाही. पण त्यातल्या एखाद्याने भाषांतराकडेही वळावे. मेक्सिकन कवी ऑक्टाव्हिओ पास यांनी जपानी कवी बाशोचे प्रवासवर्णन १९५७ साली स्पॅनिशमध्ये आणले ते एइकिची हायाशिया या जपानी मित्राला शेजारी बसवून. तशी एखादी जोडी आपल्याकडेही जमावी: एकाला स्पॅनिश पक्की यावी, दुसऱ्याच्या कानात माणदेशी बोली असावी. सुरुवात ‘लुविना’पासून करता येईल. कथा लहान आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत होऊन जाईल.