मालक बदलण्याचा हक्क



यंदाच्या दिवाळी अंकाचा मध्यवर्ती विषय आहे परदेशी कामाला गेलेल्या माणसाचे हक्क. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय जड वाटेल, पण तो आपल्या घरातला आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2023-24 मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठवलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के होता, केरळपेक्षाही किंचित जास्त. पैसा आपण मोजतो. मुलगा तिकडे लागला म्हटले की ‘पगार किती?’ हेही विचारतो. ‘नोकरी सोडली तर त्याला तिथे राहता येईल का?’ हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आमच्या मते परदेशातल्या कामगाराचे बाकी सारे हक्क या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभे असतात.

आखातात या प्रश्नाचे उत्तर कफाला पद्धतीने दिले आहे. कामगाराचा व्हिसा कफीलच्या, म्हणजे त्याला जामीन राहणाऱ्या मालकाच्या नावाशी बांधलेला. सौदीत इकामा, म्हणजे निवास परवाना, काढायचा आणि त्याची मुदत वाढवायची तीही त्यानेच. पगार थकला म्हणून कामगार बाहेर पडला, तर मालक ‘हुरूब’ म्हणजे पळून गेल्याची नोंद करू शकतो, आणि पैसे बुडालेला माणूसच बेकायदा ठरतो. दलाल लोक ‘आझाद व्हिसा’ विकतात. त्यातला कफील कागदापुरता असतो, इकाम्यासाठी पैसे उकळतो, आणि दुसरीकडे काम करताना सापडतो तो कामगार. सुधारणा झाल्या आहेत. कतारने 2020 मध्ये नोकरी बदलताना जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. सौदीने मार्च 2021 पासून ठरावीक अटींवर तशी मुभा दिली, पण तिच्यातून घरकामगार, खासगी ड्रायव्हर, माळी वगळले. म्हणजे ज्यांना बंद दाराआड काम करावे लागते तेच.

12 जून 2024 रोजी कुवेतमधल्या मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागली. सुमारे पन्नास माणसे गेली, त्यांतले 45 भारतीय. नोकरी, व्हिसा आणि डोक्यावरचे छप्पर, तिन्ही एकाच मालकाच्या हाती असले की दाटीवाटीबद्दल तक्रार करणेही महागात पडते.

अमेरिकेतला संगणक अभियंता स्वतःला या पंगतीत बसवणार नाही. पगाराच्या हिशेबाने ते बरोबरही आहे. कायद्याच्या हिशेबाने पंगत एकच आहे. एच-1बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज केला नाही आणि दुसरा व्हिसाही जमला नाही, तर घरभाडे, मुलांची शाळा, गाडीचे हप्ते सारे गुंडाळून परतायचे. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण 1,40,000, आणि सर्वसाधारण नियमाने एका देशाच्या वाट्याला सात टक्के. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. तान्हे असताना तिकडे गेलेले मूल रांगेत असतानाच 21 वर्षांचे झाले, तर आईवडिलांच्या अर्जातून ते गळू शकते. त्यात 2025 च्या सप्टेंबरात नव्या एच-1बी अर्जांवर 1,00,000 डॉलर आकारण्याचा आदेश निघाला आणि पुण्यातल्या कित्येक घरांत गणपती उठल्यावर ठरलेले बेत मोडले.

जर्मनीची वाट यापेक्षा बरी आहे. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी. पदवीधराला ब्लू कार्ड हा कामाचा परवाना मिळाला, तर पहिल्या वर्षानंतर तो मोकळेपणाने नोकरी बदलू शकतो. बी-1 पातळीचे जर्मन येत असेल तर 21 महिन्यांनी कायम निवासाचा अर्ज करता येतो. भाषा जेमतेम असेल तर 27 महिन्यांनी. म्हणजे तिथे मालकाची मर्जी सांभाळण्यापेक्षा व्याकरण सांभाळलेले जास्त उपयोगी पडते. परिचारिका, इलेक्ट्रिशियन अशा कुशल कामगारांचे परवाने वेगळे, नियमही वेगळे. आपल्या मुलांना नेमका कोणता परवाना मिळणार, हे विमानात बसण्यापूर्वी त्यांना मराठीत सांगितले गेले पाहिजे.

आता आपल्याकडे पाहू. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचा आपला कायदा 1983 चा. दहावी न झालेल्यांना 18 देशांत कामाला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. दहावी झालेला मुलगा या चाळणीतून सुटतो, आणि पुष्कळदा तिच्या संरक्षणातूनही. नोंदणीकृत एजंटाने 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत असा नियम आहे. प्रत्यक्षात घर गहाण पडते. ऊसतोडीची उचल घेतलेले जोडपे हंगाम संपेपर्यंत मुकादम बदलू शकत नाही. एजंटासाठी कर्ज काढून गेलेल्याची गत तीच. तिथला कायदा एक वेळ सोडायला तयार होईल, इथले कर्ज सोडत नाही.

हे चालते, कारण या माणसाला दोन्हीकडे राजकीय वजन नाही. तिथे तो परका. इथे अनिवासी भारतीयाला 2010 च्या दुरुस्तीने मताचा हक्क मिळाला खरा, पण मतदानाच्या दिवशी केंद्रावर स्वतः हजर राहण्याच्या अटीवर. सौदीतल्या दम्माममधला वेल्डर त्यासाठी रजा आणि तिकीट कुठून आणणार? याउलट फिलिपिन्सने स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा 1990 चा करार 1995 मध्येच मान्य केला आणि पुढे त्यांच्यासाठी स्वतंत्र मंत्रालय काढले. भारताने त्या करारावर अजून सही केलेली नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. इतर देशांशी मनुष्यबळाचे करार करताना किती माणसे पाठवणार हा आकडा पुरेसा नाही. नोकरी बदलण्याची मुभा, थकलेला पगार वसूल होईपर्यंत तिथे राहण्याचा हक्क आणि पगारातून कापलेली सामाजिक सुरक्षेची वर्गणी परत मिळण्याची सोय ही कलमे त्यात हवीत. ती मागण्याचे काम मते मागायला दारात येणाऱ्यांकडे आपण सोपवले पाहिजे.

 वाचकांना एक विनंती: घरातले कोणी परदेशी निघाले असेल, तर या सुट्टीत त्याच्याशेजारी बसून कराराचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा आणि सगळ्या कागदांची एक प्रत घरी ठेवून घ्या.

दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.

— संपादक